मॉरिस ठेवणीत गेली तो दिवस

“इंजिन तापल्याशिवाय तेल बदलायचं नसतं,” मामा म्हणाले. “एक फेरी मारून आणतो. मणेराजुरीपर्यंत जातो आणि येतो.”

मी बंपरला व्हॅसलिन चोपडत होते, तो हात तसाच राहिला. मी नवऱ्याकडं, सुकुमारकडं पाहिलं. सुकुमारनं दस्तगीर मिस्त्रीकडं पाहिलं. दस्तगीरनं जमिनीकडं पाहिलं.

“अण्णा, उभ्या जागी चालू ठेवली तर नाही का तापणार?” सुकुमारनं विचारलं.

“उभ्या जागी चूल तापते. गाडी रस्त्यावर तापते. काय दस्तगीर?”

“बरोबर आहे साहेब,” दस्तगीर म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार? बरोबरच होतं ते.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली, पण तो क्षण मला अजून आठवतो. कारण गाडी ठेवणीत घालायचा हा सगळा घाट आम्ही घातला होता तो एवढ्याचसाठी, की मामांनी पुन्हा स्टेअरिंगला हात लावू नये.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. आमच्या भागात परक्या घरातून आलेल्या सुनाही तसंच म्हणतात. मामा, म्हणजे आप्पासाहेब मगदूम, आरटीओतले निवृत्त इन्स्पेक्टर. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी लायसन दिलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला नापास केलं होतं. तासगावात आजही एखादा म्हातारा कौतुकानं सांगेल, मला मगदूमसाहेबांनी दोनदा घरी पाठवलं होतं म्हणून. स्वतःच्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो मेव्हणा पुढं कितीतरी दिवाळ्या आमच्याकडं जेवायला आला नाही.

आणि त्यांची मॉरिस. काळी, गोल पाठीची, पुढची काच मधोमध दुभागलेली. वळायचं असलं की दाराशेजारच्या खांबातून लाल दिव्याचा एक इवलासा हात बाहेर यायचा. लहान मुलं तो हात बघायला आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. उजवीकडून पाहिलं तर गाडी नव्या नवरीसारखी दिसायची. डावीकडून मात्र बघवत नव्हती. पुढच्या मडगार्डला पोचा, दाराला ओरखडा, मागच्या दिव्याची काच गेलेली. आमच्या फाटकाच्या डाव्या खांबाचा कोपरा उडाला होता. दूधवाल्याची सायकल, भाजीची हातगाडी, नगरपालिकेचा नळ, सगळं डाव्या बाजूचं. आणि सगळं आत्या गेल्यानंतरच्या वर्षातलं.

मिरजेचे डोळ्यांचे डॉक्टर सुकुमारचे वर्गमित्र. मामांना तपासून झाल्यावर त्यांनी सुकुमारला बाजूला घेतलं. काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता, तोही बऱ्याच आधीपासून. “गाडी आजपासून बंद,” डॉक्टर म्हणाले. “एखाद्याचा जीव जाईल.” मामांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, “चष्मा बदलायला सांगितलाय.”

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? सुकुमार बँकेत अधिकारी होता, हाताखाली माणसं होती, पण वडिलांसमोर त्याचा चौथीतला सुकू व्हायचा. मी सून. मामांसमोर माझ्या तोंडून ‘चहा ठेवू का’ यापलीकडं वाक्य निघत नसे. तेवढ्यात सुकुमारची बदली रत्नागिरीला झाली. घर बंद करून आम्ही सगळेच जाणार होतो. मामांनी जेवताना जाहीर केलं, “तुम्ही सामान घेऊन ट्रकबरोबर या. मी मॉरिस घेऊन आंबा घाटातून उतरतो.”

त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. सकाळी सुकुमारला युक्ती सुचली. “अण्णा, रत्नागिरीची हवा खारी. मॉरिसचा पत्रा दोन पावसाळ्यांत चाळणी होईल. त्यापेक्षा इथंच शेडमध्ये नीट ठेवून जाऊ या. परत आलो की काढू.”

मामांनी घास चावून खाल्ला. पाणी प्यायले. आणि म्हणाले, “बरं.”

एवढंच. आम्हाला वाटलं जिंकलो. गाडी ठेवायच्या आधी ती तापेपर्यंत चालवून आणावी लागते, हे आमच्या गावीही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवशी मामा सकाळपासून अंगणात वेताच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. गाडी धुऊन कोरडी झाली होती. टाकी गळ्यापर्यंत भरली होती, रिकामी ठेवली तर आतून गंजते म्हणून. शेडमध्ये सागवानी ठोकळे मांडले होते, त्यावर गाडी चढवून चाकं अधांतरी ठेवायची होती.

“हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही हं दस्तगीर. आत चिकटून बसतो.”

“नाही साहेब.”

“सायलेन्सरच्या तोंडात बोळा घाल. नाहीतर उंदरं बाळंतपणाला येतील.”

“घालतो साहेब.”

आम्ही हसत होतो. मी तर मनातल्या मनात कुलस्वामिनीला ओटी कबूल करून मोकळी झाले होते. आणि तेवढ्यात ते इंजिन तापवायचं वाक्य आलं.

“मग मी येतो बरोबर,” सुकुमार म्हणाला.

“तू नको. तू शेजारी बसलास की मोकळ्या पत्र्यावर ब्रेक दाबत बसतोस. भोक पाडशील खाली.” मामा उठले. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होती. “पद्मा येईल. चल गं.”

मी साडीला हात पुसले आणि निघाले. सुकुमारचा चेहरा असा झाला होता, की मीच त्याला डोळ्यानं धीर दिला.

फाटकातून बाहेर पडताना डाव्या खांबाशी आम्ही इतके जवळून गेलो, की मी नकळत खांदा आत घेतला. मामा ताठ बसले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर. गाडी चालवताना त्यांना बोललेलं खपत नसे. आत्या तेवढ्या अपवाद होत्या, कारण आत्यांपुढं कुणाचा इलाज चालत नसे. गाडीत बसल्या की त्यांचं तोंड सुरू. हे घर कुणाचं, ती म्हैस कुणाची, त्या पोरीच्या फ्रॉकचा रंग कसा. मामा चारचौघांत म्हणायचे, “आमच्या गाडीला रेडिओ नाही, म्हणून हिला नेतो.” सगळे हसायचे. आत्याही हसायच्या.

कॉलेजच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून चालला होता. मामा सरळ त्याच्याकडंच निघाले होते. ओरडावं तर मामांचा अपमान, गप्प बसावं तर सायकलवाल्याचा जीव. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“अगंबाई, त्या सायकलवाल्यानं किटल्या किती मोठ्या लावल्यात बघा, मामा!”

गाडी अलगद उजवीकडं सरकली. किटल्या मागं गेल्या.

मी श्वास सोडला. थोडं पुढं गेल्यावर हातगाडी दिसली. “वांगी ताजी दिसतायत,” मी म्हणाले. गाडी सरकली. मग एक रिक्षा उभी होती. “ही रिक्षा कधीची इथं उभीच असते,” मी म्हणाले. गाडी सरकली. मला चेव आला. मी, जी मामांसमोर चहापलीकडं बोलत नव्हते, ती अखंड बोलायला लागले. हा कट्टा, ती शेळी, ही शाळेची पोरं, तो खडीचा ढीग. आत्यांची सून शोभत होते अगदी. मामांचा उजवा डोळा आणि माझी जीभ, दोघं मिळून गाडी चालवत होतो, आणि मला वाटत होतं की त्यांना पत्ताच नाही.

गाव मागं पडलं. दोन्हीकडं द्राक्षबागा. दसरा नुकताच झालेला, छाटणी चालू होती, बांधाला काड्यांचे ढीग पडले होते. रस्ता मोकळा होता. बोलून बोलून माझा घसा कोरडा पडला होता. आता काही नाही, असं म्हणून मी जरा टेकले.

“बोल की,” मामा म्हणाले. “गप्प का झालीस?”

मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. गाडीत मामांनी कुणाला ‘बोल’ म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ खाली येत होता. ऊन तितकं नव्हतं. मी त्या घामाकडं बघतच राहिले, आणि रस्त्याकडं बघायचं विसरले.

डावीकडच्या बागेतून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन एकदम रस्त्यावर आली.

“मामा!”

ब्रेक असा लागला की माझं कपाळ काचेवर आदळलं. गाडी तिरकी होऊन थांबली. भारा बॉनेटवर पडला होता. बाई मात्र उभी होती. तिच्या साडीचा काठ मडगार्डला लागला होता, इतकी जवळ, पण उभी होती.

बाईनं एकदा स्वतःच्या पायांकडं पाहिलं, आणि मग तिचं तोंड सुटलं.

“डोळं फुटल्यात काय रं मुडद्या? दिसत न्हाई व्हय ढळढळीत माणूस?”

मामांनी काच खाली केली. आता यांचा पारा चढणार, या बाईला उभं-आडवं करणार, असं मला वाटलं. आयुष्यभर रस्त्यावर दुसऱ्याची चूक दाखवणारा माणूस हा.

“होय बाई,” मामा म्हणाले. “एक फुटलाय. डावा. तू त्याच बाजूनं आलीस.”

तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं.

“लागलं का कुठं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला. “न्हाई लागलं. पर असं का हिंडताय मग, आजोबा?”

“चुकलं माझं.”

मी उतरले, दोघींनी मिळून भारा उचलला. तो तिच्या डोक्यावर देताना ती माझ्याकडं वळून म्हणाली, “म्हाताऱ्याला जप गं बाई,” आणि समोरच्या बांधावरून निघून गेली.

मी परत येऊन बसले. मामांनी गाडी कडेला लिंबाच्या झाडाखाली घेतली. इंजिन चालू होतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी शेवटी विचारलं.

“माझा डोळा, मला नाही माहीत होणार?” ते म्हणाले. “डॉक्टरनं सुकूला सांगायच्या कितीतरी आधी गेलाय तो.”

“मग इतकी वर्षं...”

“इतकी वर्षं तुझी आत्या होती की.”

मला एकदम कळलं नाही. मामा समोरच्या काचेतून बघत बोलत होते.

“डाव्या अंगाला जे असंल ते ती बोलायची. म्हैस असली तर म्हैस. पोरं असली तर पोरं. मोकळा रस्ता असला की पाळणा म्हणायची, म्हणजे मला कळायचं, काही नाही. आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पद्मा. मी तिला कधी सांगितलं नाही की दिसत नाही म्हणून. आणि तिनंही कधी विचारलं नाही. एक दिवस नुसती सुरू झाली ती, आणि शेवटपर्यंत थांबली नाही.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “आणि मी लोकांत सांगायचो, रेडिओ आणलाय. हसायची बिचारी.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यांच्या बडबडीची मी माहेरी जाऊन नक्कल करून दाखवली होती.

“मघाशी तू किटल्यांचं बोललीस ना,” मामा म्हणाले, “वाटलं, आलीच ती.”

लिंबाच्या झाडावर कावळे ओरडत होते. एक ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला.

“ती गेल्यावर तरी थांबायचं होतं, मामा.”

“कसं थांबायचं? अख्ख्या जिल्ह्याला नापास करणारा मी. स्वतःच उठून कसं सांगू, बाबांनो, मला आता जमत नाही म्हणून? तोंड उघडायचं नाही गं. वाटायचं, कुणीतरी म्हणंल. वर्षभर वाट बघितली. फाटकाच्या खांबाचा कोपरा उडवला, कुणी बोललं नाही. दूधवाल्याची सायकल चेपली, सुकूनं गुपचूप नवीन चाक बसवून दिलं. म्हटलं, आता आंबा घाटाचं नाव काढू. घाट म्हटल्यावर तरी हे पोरगं छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणंल. तर काय म्हणालं?” त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा मान वळवून बघितलं. “खारी हवा!”

आणि मामा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. मलाही राहवलं नाही. कपाळाला टेंगूळ आलेलं, पदर गवतानं भरलेला, आणि मी सासऱ्यांच्या शेजारी बसून पोट धरून हसत होते.

“घाबरतात हो ते तुम्हाला,” मी डोळे पुसत म्हणाले. “आम्ही सगळेच घाबरतो.”

“मीच जास्त घाबरत होतो,” मामा म्हणाले. “दुधाला गेलो तरी सदरा ओला व्हायचा. आज सकाळी उठलो तेव्हा पहिलं काय मनात आलं सांगू? आजच्या दिवस. एकदा तापवून आणली की सुटलो.”

त्यांनी दार उघडलं आणि उतरले. बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले.

“सरक तिकडं.”

“मी? मामा, मी मारुतीवर शिकलेय. ही मला...”

“लायसन आहे ना?”

“आहे.”

“कुठल्या इन्स्पेक्टरनं दिलं?”

“तुमच्यानंतरच्या.”

“मग देवावर हवाला,” असं म्हणून ते डाव्या सीटवर बसले. स्वतःच्याच गाडीत त्या जागी ते कधी बसले नव्हते. पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी मांडीवर हात ठेवले, देवळात बसल्यासारखे.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली. मी त्यांच्याकडं बघायचं धाडस केलं नाही. “क्लच हळू,” ते म्हणाले. “ती म्हातारी आहे. तिला घाई चालत नाही.” तिसऱ्यांदा गाडी निघाली. मी तिला वळवलं आणि आम्ही तासगावच्या दिशेला लागलो.

मला वाटलं होतं, आता सगळा रस्ता परीक्षा चालणार. गिअर, हॉर्न, आरसा, एकेक चूक काढतील. पण मामांनी एक चूक काढली नाही. ते बोलत होते. ज्या माणसानं गाडीत कधी शब्द काढला नव्हता, तो बोलत होता. आत्यांना पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मोटारसायकल चिखलात रुतली, ती आत्यांच्याच भावानं ढकलून काढली. ज्या मेव्हण्याला नापास केलं तोच तो. आत्यांनी त्यावरून महिनाभर अबोला धरला, आणि मेव्हण्याला मात्र रोज पहाटे मैदानावर पाठवून गाडी मागं घ्यायला शिकवलं ते मामांनीच. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी मधूनमधून नुसतं ‘हो का’ म्हणत होते आणि हळू चालवत होते.

“मामा, मेव्हणे मग पास झाले का?” मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मी कडेनं पाहिलं. मान खिडकीच्या काचेला टेकली होती, चष्मा नाकावरून घसरला होता, तोंड किंचित उघडं. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मामा झोपले होते.

माझ्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. मी एका हातानं त्यांचा चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि मग लगेच घाबरून दोन्ही हात स्टेअरिंगवर आणले.

गल्लीच्या तोंडाशी सुकुमार उभा होता. गाडी दिसल्याबरोबर तो धावत सुटला, आणि स्टेअरिंगवर मला बघून मध्येच थबकला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला खूण केली. त्यानं वाकून खिडकीतून पाहिलं. मग तो फाटकाकडं गेला, दोन्ही दारं सताड उघडली, आणि आमच्यापुढं उलटा चालत, हात हलवत, मला आत घेतलं. त्याचे डोळे भरले होते, आणि तो हसत होता.

मी गाडी अंगणात उभी केली. दस्तगीर तेल काढायचं पसरट भांडं घेऊन आला.

“भाभी, बंद करा,” तो कुजबुजला. “गरम आहे तोवर काढतो.”

“नको. बंद केली की जागे होतील.”

“मग?”

“थांबू या.”

सुकुमार खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, “अगं, पेट्रोल जळतंय उगाच.”

“जळू दे,” मी म्हणाले.

आम्ही तिघं तिथंच थांबलो. दस्तगीर ठोकळ्यावर बसला. सुकुमारनं वेताची खुर्ची उचलून गाडीच्या डाव्या बाजूला आणली आणि वडिलांच्या खिडकीशी बसला. मॉरिस संथपणे धडधडत राहिली, आणि त्या आवाजात मामा उन्हं कलेपर्यंत गाढ झोपले.